पालथा डबा

त्याने डबा खांद्यावर उचलला, नळी टाकीच्या तोंडात खुपसली आणि निम्मं पाणी आपल्याच बुटांत ओतलं.

"अरे, गाडीला पाज! तू कशाला पितोस?" कप्तान ओरडला.

टायरच्या चळतीवर बसलेला ड्रायव्हर खो खो हसला. ताईने स्टॉपवॉच दाबलं, आकडा वाचला आणि पुन्हा शून्यावर आणला. ती हसली नाही. दोन शर्यतींआधी या टीमचं इंजिन तिने उभं केलं होतं. आज ती शेडमधली आपली हत्यारं न्यायला आली होती, आणि कप्तानाने "आलीच आहेस तर जरा वेळ लाव ना, ताई" म्हणून तिच्या हातात घड्याळ दिलं होतं.

डबा ओतणाऱ्याची ती सख्खी मोठी बहीण. बाकीच्यांनीही तिला ताईच करून टाकलं होतं.

लाल, प्लास्टिकचा

"हा बाद," कप्तान म्हणाला. "मान वाकडी, धार वाकडी. भरणाराही वाकडाच."

हौशी लोकांची दिवसभराची शर्यत. पेट्रोल भरायला पंप चालत नाही, फक्त हाताने उचलायचा डबा. गाडी थांबते, इंजिन बंद होतं, ड्रायव्हर उतरतो, एकजण आग विझवायचं नळकांडं रोखून उभा राहतो आणि एकजण ओततो. ओतणारा तो. ट्रॅकवर जे सेकंद मुश्किलीने कमवायचे ते इथे सांडून जातात, म्हणून डबा निवडायचा. सराव मात्र पाण्याने. पेट्रोलने सराव करायला कोणी वेडं नव्हतं. गाडीची जुनी टाकी लोखंडी घोड्यावर बसवली होती, खाली घमेलं.

एक वाक्य त्याच्याकडे कधीपासून तयार होतं.

*त्या दिवशी सकाळी डबा—*

"पुढचा घे रे, तंद्री लावू नकोस," कप्तान म्हणाला.

ॲल्युमिनियमचा

याच्या तोंडाला स्प्रिंग होती. टाकीवर दाबला की उघडायचा, उचलला की मिटायचा. एक थेंब बाहेर नाही. पाणी गडगडत उतरलं आणि डबा खांद्यावर एकदम पोरका झाल्यासारखा हलका झाला.

ड्रायव्हरने शीळ घातली. "हा बघ जावई शोभतो!"

"पण भरलेला उचलवेल का याला?" कप्तानाने त्याच्या दंडाकडे बघितलं. "सांगून सांगून दमलो, व्यायाम कर. पालथ्या घड्यावर पाणी."

"उचलतो की," तो म्हणाला.

"आतलं दिसत नाही याच्या," ताई म्हणाली. घड्याळाकडे बघत म्हणाली.

"आत काय बघायचंय? पेट्रोल असणार. सरबत थोडंच!"

त्याने डबा खाली ठेवला. ठेवताना उगाच फार सांभाळून ठेवला.

मागच्या शर्यतीतला

तोही आतलं न दिसणारा, पत्र्याचाच होता, कुणाकडून तरी मागून आणलेला. शर्यतीच्या सकाळीसुद्धा त्यांनी पाण्याने सराव केला होता. सराव झाला की डबा उघडून पालथा घालायचा, कोरडा होऊ द्यायचा. ते काम भरणाऱ्याचं. त्या सकाळी त्याने डबा दोनदा झटकला आणि पेट्रोल भरलं.

दुसऱ्या थांब्यानंतर गाडी वळणावर खोकली. मग पुन्हा खोकली आणि गवतात जाऊन उभी राहिली.

ताई पाना घेऊन धावली. तिने बॉनेटखाली डोकं घातलं, कार्ब्युरेटरची वाटी काढली, उजेडात धरली आणि गवतावर उपडी केली. तो तिच्या पाठीमागे होता. वाटीतून काय पडलं ते त्याला दिसलं नाही. दिसलं नाही, असं त्याने तिथेच ठरवून टाकलं.

ताई फडक्याने हात पुसत उठली आणि कप्तानाला म्हणाली, "व्हॉल्व्ह. माझ्याकडून राहिलं."

"ताई, वर्षभराची मेहनत गेली!"

"हो ना."

संध्याकाळी डबा रिकामा करताना पेट्रोलच्या खाली पाण्याचे गोळे सरकताना त्याने पाहिले. त्याने डबा भराभर धुऊन टाकला. ताईनेच म्हटलं ना व्हॉल्व्ह म्हणून. तिला इंजिनातलं जास्त कळतं. या टीममध्ये तो तिच्याच शब्दावर आला होता. त्याआधी तीन ठिकाणांहून त्याला काढलं होतं. त्या दिवसापासून तो तिच्या घरी जेवायला गेला नव्हता. कामं निघत होती.

*त्या दिवशी सकाळी डबा मी—*

पांढरा

या डब्याच्या अंगातून पाण्याची रेघ खाली उतरताना दिसत होती. नळी जाड, पण वेळ जास्त लागला.

"मला हा बरा वाटतो," तो म्हणाला.

"का?" कप्तानाने विचारलं.

"हलका आहे."

ताईने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तो पाय झटकत बसला. बुटांत पाणी पचपचत होतं.

"हलका आणि हळू," कप्तान म्हणाला. "ठरलं, ॲल्युमिनियमचा." त्याने त्यातलं उरलेलं पाणी ओतून टाकलं, त्याच डब्याला झाकण लावलं आणि तो भिंतीशी उभा केला. मग खिशातून फोन काढला. "आता इंजिनाचंही उरकून टाकू. ताई, राग मानू नकोस. नाक्यापलीकडचा गॅरेजवाला तयार आहे."

"राग कसला?" ताईने घड्याळ कप्तानाच्या हातात दिलं. हत्यारांची पेटी उचलली. दारापर्यंत गेली, थांबली आणि परत आली. पेटी खाली ठेवून तिने भिंतीशी उभा केलेला डबा घेतला, त्याचं झाकण स्प्रिंगच्या तोंडासकट फिरवून काढलं, दोन विटा जवळजवळ सरकवल्या आणि त्यांवर डबा पालथा घातला. आतून पाण्याची बारीक धार आली. मग थेंब.

"या वेळी असाच राहू दे," ती भावाला म्हणाली. आवाज नेहमीचाच. लहानपणी 'दार ओढून घे' म्हणायची तसा.

कप्तान फोनमध्ये नंबर शोधत होता. त्याने ऐकलं नाही.

तो विटांपाशी उकिडवा बसला. डब्याच्या तोंडाखाली त्याने हात धरला. एक थेंब पडला. बराच वेळ काही नाही. वाटलं, संपलं. मग आणखी एक पडला.

ताई पेटी उचलून दाराबाहेर पडली होती. तिच्या चपलांचा आवाज खडीवर उमटू लागला.

"हां, हॅलो," कप्तान म्हणाला, "इंजिनाचं बोलायचं होतं—"

त्याने उठून कप्तानाच्या फोनवर हात ठेवला.

"अरे! काय करतोस? हात ओला आहे तुझा."

"हो," तो म्हणाला. "तेच सांगायचंय."

बाहेर खडीवरचा आवाज थांबला.