ओंजळभर पाण्याचा अर्ज

या माउली, असे पुढे या. मागच्यांनीही सतरंजी ओढून जवळ बसा, कारण आज टाळ नाहीत, पेटी नाही, आणि कथा हळू आवाजात सांगायची आहे. बोरशिंगीच्या आगबंबाचा ड्रायव्हर वामन ढेपे दर दिवसाआड सकाळी सहाला आपल्याच गावात दिसेनासा व्हायचा आणि चोवीस तासांनी पुन्हा दिसायला लागायचा. त्याची ही कथा. चित्त तेवढं इकडे द्या.

बोरशिंगी आणि खैरमाळ या दोन नगरपरिषदांत मिळून बंब एकच होता. दोन्हीकडे एकाच दिवशी सभा भरल्या आणि ठराव झाला, की एक दिवस बंब बोरशिंगीचा, एक दिवस खैरमाळचा. ठरावाखाली सामानाची यादी जोडायची रीत आहे. ती सभालिपिक बागवान भाऊसाहेबांनी जोडली. बंब एक, शिडी एक, नळ्या तीन, बादल्या बारा, ड्रायव्हर एक. सूचक उठले, अनुमोदक उठले, चहा आला. यादी कुणी वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वामन स्वयंपाकघरात चहा पीत होता. कप त्याच्या बोटांतून खाली गेला. फुटला नाही, ओट्यावर जाऊन नीट बसला. त्याची बायको सिंधू मागे वळली.

"गेले वाटतं. सांगून तरी जावं माणसानं."

"अगं, इथंच आहे मी," वामन म्हणाला.

तिनं कप उचलला आणि विसळून पालथा घातला.

तो खैरमाळपर्यंत चालत गेला. हद्दीचा दगड ओलांडला तसा पायाखालचा मुरूम वाजायला लागला. नाक्यावर बंब आधीच येऊन उभा होता. पानवाल्यानं मान वर केली.

"काय ड्रायव्हर, आज आमचे ना?"

"हो, आज तुमचा."

बोरशिंगीच्या दिवशी वामन कचेरीत गेला. बागवान भाऊसाहेबांनी त्याला खुर्ची दिली आणि फायलीची नाडी सोडली.

"ठराव झालाय वामनराव. तीन महिने त्याला हात लावता येत नाही. आणि तुम्हाला यादीत घातलं ते मी मायेनं घातलं. बंब जाणार आणि तुम्ही एकटे मागं राहणार, ते मला बघवेना."

त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. वामन उठला आणि घरी गेला.

वामन भाविक होता. बोरशिंगीच्या विठ्ठलमंदिरात एकादशीचं कीर्तन त्यानं कधी चुकवलं नाही. त्या महिन्यात एकादशी खैरमाळच्या दिवशी आली, तरी तिथल्या बंबावरून चार तासांची सवड काढून तो येऊन बसला, अगदी पहिल्या रांगेत, बुवांच्या पायांशी. बुवा गात होते, वामन रडत होता. मग बुक्का लावणारे आजोबा रांगेतून आले. एकाच्या कपाळाला बोट लावलं, दुसऱ्याच्या लावलं, वामनावरून हात नेला आणि पलीकडच्याच्या लावलं. त्यानं कपाळ पुढे धरूनच ठेवलं होतं. आजोबा शेवटच्या माणसापर्यंत जाऊन मंदिराबाहेर पडले तेव्हा त्यानं ते मागे घेतलं.

तीन महिन्यांनी ठरावाचा फेरविचार झाला. व्यवस्था इतकी उत्तम चालली होती, की आणखी तीन नगरपरिषदा तिच्यात आल्या. पावसाळ्यानंतर आणखी सात आल्या. बारा गावं झाली, संयुक्त समिती झाली, समितीला पाटी झाली. सगळं समान वाटायचं ठरलं होतं, तेव्हा बारा पायऱ्यांच्या शिडीची गावागणिक एक पायरी झाली. बादल्या आपसूक बसल्या. वामन दर बाराव्या दिवशी सहा वाजता आपल्या घरात उमटू लागला.

"बाराव्यालाच येता," सिंधू म्हणाली. "शेजारणीला काय सांगू? पान वाढू का दर्भ आणू?"

"चहा टाक," वामन म्हणाला.

ती चहा टाकायची आणि बारा दिवसांचं सगळं बोलायला घ्यायची. गॅस, नळ, भावजय, गुडघा. संध्याकाळपर्यंत तिचा घसा बसायचा. मध्येच ती त्याच्या बाहीला चिमटीत धरायची आणि तशीच बोलत राहायची. बाकीचे अकरा दिवस ज्या गावाची पाळी त्या गावात वामन सगळ्यांना दिसत असे. लोक बसायला देत, कैरीचं पन्हं देत. त्याला 'आजचे ड्रायव्हर' म्हणत. वामन हे नाव तिथं कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही.

अशात त्यांच्या एकुलत्या मुलीचं, रेवतीचं लग्न ठरलं. मुहूर्त निघाला बारा वाजून चोवीस मिनिटांचा, आणि दिवस निघाला निंबवडी गावाचा. पंचांगाला समिती माहीत नव्हती.

वामनानं दिवस बदलून मागितला. समितीपुढं निंबवडीच्या नगराध्यक्षा उभ्या राहिल्या. बाई चांगल्या होत्या, पदर सावरून बोलल्या.

"ड्रायव्हरभाऊ, तुमच्या मुलीला आमचा आशीर्वाद आहे. पण आमच्याकडं ऊन फार. त्या दिवशी कुणाचं काही पेटलं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

"आणि मी?" वामन म्हणाला.

त्याचा प्रश्न इतिवृत्तात घेतला गेला. उत्तर पुढच्या सभेत द्यायचं ठरलं.

लग्नाआधीचा बोरशिंगीचा दिवस आला. घरात बांगड्या भरायला कासारीण बसली होती. रेवतीनं हात तिच्या हातातून ओढून घेतला.

"कन्यादानाला काकांचा हात नको मला. खाली माझी ओंजळ, वर नवरदेवाची, त्याच्यावर बाबांची. आई बाबांच्या हातावर पाणी सोडणार आणि ते झिरपत माझ्यापर्यंत येणार. बाबांच्या हातचं पाणी आलं नाही तर मी पाटावरून उठणार. भर मांडवात उठणार."

"ऐका," सिंधू म्हणाली. "बापाचा हट्टीपणा उतरलाय."

"मी कुठं हट्टी? मी तर बारा गावांचा झालो," वामन म्हणाला, आणि लेकीला घेऊन कचेरीत गेला.

बागवान भाऊसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. कपाटातून आपत्कालीन मागणीचा छापील अर्ज काढला.

"ड्रायव्हर मिळणार नाही बेटा. पाणी मिळेल. पाण्याला दिवस लागत नाही, ते बाराही गावांचं आहे. काय लिहू, किती?"

"ओंजळभर."

"कुणाच्या हातचं?"

"बाबांच्या."

"कधीपर्यंत सोडायचं?"

रेवतीनं दोन्ही हातांची ओंजळ करून पाहिली. "मी भरली म्हणेपर्यंत."

भाऊसाहेबांनी तसं लिहिलं. मग अर्ज वामनाकडं फिरवून नियम वाचून दाखवला. आधी आलेली मागणी आधी पुरवायची. ती पुरी होईतो त्या टाकीतलं पाणी दुसरीकडं वळायचं नाही. ड्रायव्हरनं मध्येच पाण्याचं चाक बंद केलं तर अर्ज रद्द, आणि त्याच नावानं पुन्हा करता येणार नाही.

"करू का सही?" वामन म्हणाला.

"करा की. ओंजळ ती केवढी."

वामनानं सही केली. घरी येताना बापलेक मधल्या गल्लीतून रमत आले. तिनं त्याला उसाचा रस पाजला. तो ग्लास दोन्ही हातांनी धरून प्याला.

लग्नाच्या दिवशी वामन निंबवडीत होता. बंब धुतलेला, टाकी काठोकाठ. बारा वाजून वीस मिनिटांनी बाजारपेठेत एका शिंप्याचं दुकान पेटलं. कापडाचे गठ्ठे, मग माडी. माडीवर शिंप्याची सासू होती, गोदाक्का. ती खिडकीत बसून खाली बघत होती.

"अहो आजचे ड्रायव्हर, जरा आटपा बाई. पाय भाजायला लागलेत."

"आलोच आक्का."

लोकांनी शिडी आणली. पायरी एकच होती. ती त्यांनी भिंतीला लावून पाहिली. वामनानं नळी उलगडली, तोंड खिडकीकडं धरलं आणि बंबाचं चाक उघडलं. नळी फुगली. टाकीच्या काचेतली पातळी खाली सरकली. तोंडातून थेंबही आला नाही.

बारा चोवीस झाले होते.

त्यानं नळी कानाला लावली. आत सनई होती, तांब्याभांड्यांचा आवाज होता. मग अगदी जवळ, गालाला लागावं इतक्या जवळ, रेवती बोलली.

"आई, आलं गं! बाबांचं पाणी आलं. ऊन ऊन आहे."

मागून सिंधूचा श्वास ऐकू आला.

"झालं ना बाळ?" भटजी म्हणाले. "भरली म्हण. मुहूर्त सरतोय."

"नाही अजून."

"परात वाहून चालली."

"वाहू दे," रेवती म्हणाली. "अजून आहे ते. अजून हात धरलाय त्यांनी."

वर खिडकीत गोदाक्कानं पाय चौकटीवर घेतले. तिनं पदर तोंडावर ओढला आणि खोकत म्हणाली, "येताय का हो?" बाजारपेठेतली सगळी माणसं वामनाकडं बघत होती. टाकीत पाणी निम्म्यावर आलं. मग निम्म्याच्या खाली आलं.

"रेवा," तो नळीत म्हणाला, "बाळ, भरली म्हण."

पण तिथं तो निंबवडीचा होता. त्याचा आवाज हद्दीच्या दगडापर्यंत गेला असेल, पुढं नाही.

"बघ आई, किती वेळ," रेवती म्हणाली, आणि हसली.

वामनानं नळी खाली ठेवली. दोन्ही हात चाकावर ठेवले. चाक गार होतं आणि त्याच्या तळव्यांखालून पाणी जातंय हे त्याला कळत होतं. त्यानं ते बंद करायला उजवीकडं वळवायला घेतलं. वर गोदाक्काच्या पदराला ठिणगी लागली. चाक अर्ध्यावर आहे, आणि कथा मी तिथंच सोडतो.

मंडळी, घरी गेल्यावर कुणाच्या हातावर पाणी सोडाल तेव्हा वामन ढेपे हे नाव एकदा घ्या. बाकीच्या अकरा गावांत ते नाव कुणाला ठाऊकच नाही.