घर आधी, धनी मागून

बुद्धिबळात राजाला कोपऱ्यात नेऊन हत्तीच्या आड ठेवायच्या चालीला बगदादमध्ये 'तब्यीत' म्हणतात, म्हणजे मुक्कामाला नेणं. नियमाने हात आधी राजाला लागावा लागतो. नदीकाठच्या चहाखान्यात मात्र सगळे हत्ती आधी सरकवत आणि म्हणत, "घर मांडा, मग धनी येतील."

सुबही तिथेच खेळायला शिकला. आज त्याच्या समोर बसलेला रऊफही.

देशावर जगाने घातलेल्या निर्बंधांचे दिवस होते. हा शेवटचा डाव जिंकणारा अम्मानच्या स्पर्धेला जाणार होता. सुबहीची बायको आणि मुलगी मैसून अम्मानलाच होत्या. त्याने परवानगी मागितली की नकार यायचा. देशाबाहेर पडायची दुसरी वाट उरली नव्हती.

पांढरी मोहरी त्याच्याकडे होती. राजापुढचं प्यादं, घोडा, उंट. सुरुवात मनासारखी झाली. मग मधली प्यादी मारामारीत गेली आणि पट मधोमध मोकळा झाला. आता राजा आत न्यायला हवा होता. सुबहीने हत्ती उचलून राजाशेजारी ठेवला आणि राजाकडे हात नेला.

रऊफने घड्याळ थांबवलं.

"अबू मैसून," मैसूनचा बाप, या नेहमीच्याच हाकेने तो म्हणाला, "हात आधी हत्तीला लागला."

सुबही हसला. "म्हणजे आजचा चहा माझ्याकडून?"

"पंचांना बोलावतोय मी."

"अरे, जन्मभर असाच खेळतोय. तूसुद्धा."

"चहाखान्यात." रऊफ पटाकडेच बघत होता. "मलाही जायचंय रे."

पंचांनी दोघांचं ऐकून घेतलं. "हत्ती उचललात, हत्तीच चालवा. राजा आहे तिथेच."

मघाशी रऊफने स्वतःचा राजा मुक्कामाला नेला, तेव्हा आधी राजाच उचलला होता. ते सुबहीच्या आता लक्षात आलं.

राजा उघड्यावर राहिला. काळ्या हत्तीने शह दिला, मग वजिराने. सुबहीने मध्ये आधी उंट घातला, मग वजीर. दोन्ही गेले. त्याने राजा आडवा केला आणि रऊफशी हात मिळवला.

बाहेर पायऱ्यांवर रऊफने त्याला गाठलं. "पत्ता दे. मैसूनला काही पाठवायचं असेल तर नेतो."

"नको."

"निदान खुशाली तरी सांगून येतो."

सुबही एक पायरी खाली उतरला.

"तू दार वाजवलंस की तिला वाटेल, मीच आलो," तो म्हणाला. "तू जाऊ नकोस."