मागच्या सीटवरची माणसं

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. इटलीची, दोन दारांची, लांब नाकाची, भरून आलेल्या आभाळाच्या रंगाची. दोघांनी लांबच्या प्रवासाला आरामात जावं म्हणून मला घडवलं. म्हणून पुढे दोन ऐसपैस सीटा आहेत आणि मागे दोन एवढ्याशा, नावापुरत्या. त्या मागच्या सीटांवर वर्षानुवर्षं कुणी धडधाकट माणूस बसला नाही. तरीही तिथलं कातडं पुढच्यापेक्षा जास्त झिजलं आहे. ते कसं, हेच मी आज सांगणार आहे. तुम्ही घाबरू नका. सुरुवातीला मीही घाबरले होते, मग अंगवळणी पडलं.

माझा जन्म मोदेना शहराबाहेरच्या एका शेडमध्ये झाला. ओरेस्ते आणि त्याचा मेव्हणा असे दोघे पत्रा ठोकणारे तिथे होते. त्यांचं आपसांत पटत नव्हतं, म्हणून डावी बाजू एकाने ठोकली आणि उजवी दुसऱ्याने. त्यामुळे माझा डावा गाल उजव्यापेक्षा जरासा फुगीर आहे. पण दोघांचा हात सोन्याचा होता, हे मला कबूल केलंच पाहिजे. मी हलकी असावी, घाटात पळावी, म्हणून त्यांनी मला लोखंडाचा पत्रा घातला नाही. माझं सगळं अंग ॲल्युमिनियमचं आहे. रंग चढल्यावर ते कुणाला कळत नाही, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

मला लेआर्को मालागोली याने घेतलं. त्याचा फरशांचा कारखाना होता. आवाज मोठा, जीभ तिखट, मन मऊ असा तो माणूस. त्याच्या बायकोचं नाव नीवेस. लेआर्को मला जीव लावायचा, पण चावी मात्र दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही. नीवेस बाजाराची छोटी गाडी सफाईने चालवायची, तरी माझ्या सीटवर तिला कधी बसू दिलं नाही. ‘हिचे गिअर तुझ्या हाताला ऐकायचे नाहीत’ असं तो म्हणायचा आणि ती खिडकीबाहेर बघायची.

आमच्या गावात एक रीत आहे. शववाहिनी समोरून गेली की लोक चटकन लोखंडाला हात लावतात. खांब असो, खुर्चीचा पाय असो, खिशातली किल्ली असो. गेलेल्या माणसाची ओढ आपल्याला लागू नये, ती लोखंडातून जमिनीत उतरावी, म्हणून. चर्चपासून स्मशानाकडे जाणारा रस्ता आमच्या चौकातूनच जातो, आणि चौकातल्या कॉफीच्या दुकानासमोर लेआर्को मला उभी करायचा. मग काय विचारता! शववाहिनी आली की तो माझ्या दारावर टिचक्या मारायचा. त्याचं बघून दुकानातले सगळेच बाहेर येऊन मला हात लावून जाऊ लागले. एवढी मोठी, एवढी देखणी लोखंडाची वस्तू गावात दुसरी कुठली होती? माझा मेकॅनिक एर्मेस, ज्याला माझा पत्रा कशाचा आहे ते पक्कं माहीत होतं, तोही सवयीने हात लावायचा.

पण मी लोखंडाची नव्हते. जे माझ्यातून जमिनीत उतरायचं, ते उतरलंच नाही. ते माझ्यातच राहिलं.

पहिली आली ती पाव भाजणारी म्हातारी योलांदा. तिची अंत्ययात्रा गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मागची सीट दबलेली होती. काच आतून धुरकटली होती. नीवेस आत बसली आणि म्हणाली, गाडीत ताज्या पावाचा वास कसा येतोय? लेआर्कोने तिला वेड्यात काढलं. मी काय बोलणार? मागे कुणीतरी बसलं होतं, हात मांडीवर ठेवून, पाहुण्यासारखं गुपचूप. त्या सीटवर ओझं होतं आणि श्वास नव्हता. त्या दिवशी माझं इंजिन गरम असूनही मला हुडहुडी भरली.

मित्रांनो, आमच्या जातीच्या गाड्यांना नुसतं उभं ठेवून चालत नाही. आठवड्यातून एकदा दामटून पळवावं लागतं, नाहीतर इंजिनात काजळी धरते. म्हणून दर रविवारी लेआर्को मला घेऊन आबेतोनेच्या घाटावर जायचा. आधी तेल गरम होईपर्यंत हळूहळू, मग चढावर इंजिन पार ओरडेपर्यंत. वर पोचलं की तो उतरून सिगारेट पेटवायचा आणि नीवेस पुढची सीट वाकवून मागची टोपली काढायची. टोपलीत हॅम, चीज आणि लाल वाइनची बाटली. त्या रविवारी तिने सीट वाकवली आणि माझ्या मागच्या स्प्रिंगा हळूच वर आल्या. योलांदा उतरून गेली होती. दोन दारांच्या गाडीतून मागच्याला उतरायचं तर पुढची सीट कुणीतरी वाकवावीच लागते, जिवंत असो की नसो.

पुढे असे खूप जण आले. घंटा वाजवणारा आला, कारखान्यातला भट्टीवाला आला, शाळेतली सुईएवढी बारीक बाई आली. त्यांनी कधी कुणाला त्रास दिला नाही. रविवारपर्यंत वाट बघायची आणि घाटावर उतरून वाऱ्याबरोबर जायचं, एवढंच. एर्मेसला वाटायचं की माझ्या स्प्रिंगाच रद्दी आहेत. त्या बदलूनही मी मागून खाली बसते ती बसतेच, म्हणून तो कपाळावर हात मारायचा. एकदा तो रबराची नळी कानाला लावून माझे कार्ब्युरेटर एकसारखे श्वास घेतात का ते ऐकत होता. त्याला नळीतून स्पष्ट ऐकू आलं, ‘पोचलो का?’ त्याने नळी काढली, फडक्याने पुसली आणि दुसऱ्या कानाला लावली.

नीवेसने मात्र ओळखलं होतं. टोपली काढून झाली तरी ती सीट वाकवून धरायची आणि तोंड दरीकडे फिरवायची, कुणाला संकोच वाटू नये म्हणून. लेआर्को हसून विचारायचा, ‘आता आणखी कोण उतरायचंय?’ ती म्हणायची, ‘तू तुझी सिगारेट ओढ.’ त्या दोघांइतकं सुख मला पुन्हा कुणी दिलं नाही.

मग एका हिवाळ्यात लेआर्को गेला. छातीत कळ आली आणि जेवणाच्या टेबलावरच सगळं आटोपलं.

त्याच्या अंत्ययात्रेच्या दिवशी एर्मेसने मला चकचकीत पुसून चौकात उभं केलं, मालकाला मान द्यायला. दाट धुकं होतं. दुकानातले लोक बाहेर आले, पण आपल्याच लेआर्कोची शववाहिनी म्हणून सगळ्यांनी हात खिशात ठेवले होते. त्या दिवशी लोखंडाला हात लावणं म्हणजे त्याला हाकलून देणं झालं असतं. शववाहिनीमागून नीवेस चालत आली. ती माझ्याजवळून गेली आणि तिचा हात आपोआप उठला. इतक्या वर्षांची सवय. तिने माझ्या दारावर टिचक्या मारल्या.

चौकातल्या सगळ्यांनी ते पाहिलं. मागच्या बायकांनी माना खाली घातल्या. नीवेसने स्वतःच्या हाताकडे असं बघितलं की मला तो हात पदराखाली घ्यावासा वाटला, पण मला कुठला आलाय पदर. आणि त्याच क्षणी माझ्या मागच्या स्प्रिंगा खाली गेल्या. लेआर्को जड माणूस होता.

नीवेसने मला गॅरेजमध्ये ठेवून कुलूप लावलं. माझ्यावर जाड कापड टाकलं. ती पुन्हा आत आली नाही. आपण नवऱ्याला अशुभ म्हणून लोटलं आणि तो त्या गाडीत रागावून बसला आहे, याची तिला खात्री होती. त्याच्यासमोर जायला तिला तोंड नव्हतं. मित्रांनो, ती वर्षं फार वाईट गेली. टायर एका बाजूने चपटे झाले, ब्रेक धरले, पेट्रोलचा डिंक झाला. काळोखात मी आणि तो. रविवार आला की तो मागे चुळबुळ करायचा आणि कातडं करकरायचं. घराच्या बाजूच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं. ते करकरणं ऐकून तिथली भांडी वाजायची थांबायची.

अखेर त्यांची मुलगी मोरेना बोलोन्याहून आली. ती शहाणी, कामसू पोरगी. तिने परदेशातल्या एका संग्राहकाशी बोलणं केलं होतं. तो मला काचेच्या दालनात ठेवणार होता. चाकं जमिनीवरून उचललेली, बॅटरी काढलेली, दारं कायमची बंद. गाडीवर एक ओरखडा येणार नाही, असं मोरेना आईला समजावत होती. मला मात्र भीतीने गोठल्यासारखं झालं. तिथे मला कुणी पळवणार नव्हतं आणि सीट कुणीच वाकवणार नव्हतं. लेआर्को त्या काचेत जन्मभर बसून राहिला असता, आणि त्याचा जन्म तर केव्हाच संपला होता.

संग्राहक यायच्या आधी मला चालू करून ठेवायला एर्मेसला बोलावलं. त्याने पेट्रोलची टाकी धुतली, ब्रेक सोडवले, टायर आणि तेल बदललं. इंजिन खोकत खोकत लागलं. मग त्याने नळी कानाला लावली आणि घाईने रेस केली. पुढच्याच क्षणी नळी टाकून तो उठला आणि हात न धुता थेट स्वयंपाकघरात गेला. दार उघडं राहिलं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“नीवेसबाई, तो आत आहे,” एर्मेस म्हणाला. “तेल गरम व्हायच्या आधी रेस केली म्हणून मला शिवी घातली त्याने.”

नीवेसने विचारलं, “रागात होता?”

“आता काय सांगू. लेआर्को कधी रागात नव्हता?”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी नीवेस गॅरेजमध्ये आली. कोट घातलेला, केस विंचरलेले. तिने कापड ओढून काढलं. मागे न बघता ती माझ्या स्टिअरिंगपाशी बसली, आयुष्यात पहिल्यांदा. आतला आरसा धुरकटलेला होता. तिने तो पुसला नाही.

खालच्या सपाटीवर धुकं इतकं दाट होतं की मला माझं नाकसुद्धा दिसत नव्हतं. तिने तेल गरम होऊ दिलं. पण दुसरा गिअर टाकताना असा काही कचकच आवाज आला की माझे दात आंबले, आणि मागून कुणीतरी जोरात सुस्कारा सोडला. नीवेसच्या मानेवर काटा उभा राहिला. तरी तिने गाडी मागे वळवली नाही. चढ लागला तशी ती मला दामटू लागली. माझ्या छातीतली काजळी धूर होऊन मागे पडत गेली. एका वळणावर धुकं संपलं आणि एकदम ऊन आलं.

घाटावर ती उतरली. पलीकडून येऊन तिने दार उघडलं, सीट वाकवली आणि धरून उभी राहिली. या वेळी तिने तोंड फिरवलं नाही.

“हात आपोआप गेला रे,” ती म्हणाली. “तुला लोटायला नव्हता.”

वारा होता. बाकी काही नव्हतं. ती वाट बघत राहिली. बोटं गारठून निळी पडली तरी तिने सीट सोडली नाही. मग माझ्या स्प्रिंगा हळूहळू वर आल्या. तो उतरला होता. नीवेसने सीट सरळ केली, दार लावलं, आणि माझ्या टपावर डोकं टेकून ती रडली. तिचं रडणं संपेपर्यंत मीही गप्प उभी होते. इंजिन थंड होताना माझ्यातून जो टिकटिक आवाज येतो, तेवढाच काय तो.

ती परत स्टिअरिंगपाशी येऊन बसली आणि तिने चावी फिरवली. तेव्हा पलीकडचं दार उघडलं. कुणीतरी तळहाताने ते हलकेच लावून घेतलं, कारण माझं दार आपटायचं नसतं. शेजारच्या सीटचं कातडं खाली गेलं. आजवर या बाजूला कधी न बसलेला माणूस तिथे आरामात टेकून बसला.

नीवेस समोरच बघत होती. तिच्या तोंडावर भीती होती आणि भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं.

“बसलास?” ती म्हणाली. “मग आता तोंड बंद. गिअर मी टाकणार.”

संग्राहक आला त्याला तिने कॉफी पाजली आणि आल्या पावली परत पाठवलं.

तर मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी गाडी कापडाखाली उभी असेल. तिला जपणं म्हणजे तिला झाकणं नव्हे. तेल बदला, टायरात हवा भरा, तिला दूर घेऊन जा, आणि थांबलात की दार जरा वेळ उघडं ठेवा. आम्ही लोखंडाच्या नसू, पण जे आमच्यात राहतं ते आमच्याने एकट्याने सोडवत नाही.

मोरेना अजून सुट्टीला येते. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी ती सवयीने पुढच्या दाराशी गेली. नीवेसने तिला मागे बसायला सांगितलं. एवढीशी ती मागची सीट, त्यात मोरेना आईपेक्षा उंच.

“पुढे का नको?” तिने विचारलं.

“पुढे जागा नाही.”

मोरेनाने आईकडे बघितलं, मग त्या रिकाम्या, खोल दबलेल्या सीटकडे बघितलं. मग ती गुडघे छातीशी घेऊन मागे बसली.