नाव न घेता

शाळेत वाचनालय करायचं ठरलं तेव्हा पालक समितीकडे एक रिकामी खोली होती आणि उत्साह होता. बाकी काहीच नव्हतं. सुतारानं आपणहून सांगितलं, "लाकूड तुम्ही आणा. मजुरी माझ्याकडून."

त्याची मुलगी पहिलीत होती. तिला घरीदारी सगळे टिकली म्हणायचे. समितीच्या अध्यक्षा म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या ताई. त्यांचा मुलगा चौथीत. ताईंनी विचारलं असतं तर सुतारानं शाळेचं छप्परही बदलून दिलं असतं. त्याला कारण होतं.

चार वर्षांपूर्वी त्याला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. ताईंनी दोन पाकिटं पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "कोणती कधी घ्यायची ते वर लिहिलंय बघा." त्यानं पाकीट उलटंसुलटं केलं, मान डोलावली आणि तिथेच उभा राहिला. ताईंनी आधी बाकीची गिऱ्हाइकं वाटेला लावली. मग हळूच विचारलं, "दादा, वाचायला अडचण होते का?"

बाप गेला तेव्हा तो सात वर्षांचा होता. मामानं हातात रंधा दिला आणि शाळा तिथेच सुटली. आकडे त्याला येत होते, त्याशिवाय मापं घेता येत नाहीत. अक्षरं राहिली ती राहिलीच. हे बायकोला ठाऊक होतं. ती कपडे धुण्याच्या दुकानात कामाला होती, शाळेच्या चिठ्ठ्या तीच वाचायची, सह्या तीच करायची. बायकोनंतर हे कळलेलं दुसरं माणूस म्हणजे ताई. त्यांनी एका पाकिटावर सूर्य काढला, दुसऱ्यावर चंद्र. "हे तुमच्या-माझ्यात," त्या म्हणाल्या. चार वर्षं त्यांनी ते पोटात ठेवलं होतं.

टिकलीला मात्र त्यानं कधी कळू दिलं नाही. ती पुस्तक घेऊन मांडीवर बसायची आणि तो चित्रं बघून वाचायचा. बोट ओळीखालून फिरवायचा, योग्य वेळी पान उलटायचा. हेही त्यानं एकदा गोळ्या घेताना ताईंना सांगितलं होतं. तिचं लाडकं पुस्तक होतं शहरात आलेल्या पाणघोड्याचं. त्याला सगळे हसतात, तो दमतो, आणि शेवटी आपल्या नदीवर परत जातो, अशी ती गोष्ट. एकदा टिकली शाळेतून रडत आली. वर्गात तिनं ही गोष्ट सांगितली, तर दुसरी एक मुलगी म्हणाली की पाणघोडा परत जातच नाही, तो बागेतल्या कारंज्यात राहतो. टिकली हट्टाला पेटली. माझ्या बाबांनी वाचलंय म्हणाली. बाईंनी तिला उद्धटपणाबद्दल कोपऱ्यात उभं केलं.

"ते दुसरं पुस्तक असेल गं," सुतार म्हणाला होता. बायकोनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं होतं.

महिनाभर तो संध्याकाळी कपाटं करत राहिला. मुलांचा हात पोचेल एवढीच उंची, कोपरे गोल, फळ्या अशा घासलेल्या की गालावरून फिरवल्या तरी टोचू नयेत. सात तयार होऊन खोलीत लागली. दोन उरली होती. पण नुसत्या कपाटांना करायचं काय, पुस्तकं हवीत. म्हणून पैसे जमवायला समितीनं शनिवारी दुपारी सभागृहात मदतमेळा भरवला. कुणी घरी केलेले केक आणले, कुणी जुनी खेळणी, सोडतीची तिकिटंही विकायला ठेवली. चार वाजले तरी दानपेटीचा तळ दिसत होता. पालक केक खात होते आणि घड्याळं बघत होते.

सुतार दाराजवळ एका डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली चकती बसवत होता. ताईंनी माईक घेतला.

"दोन मिनिटं थांबा," त्या म्हणाल्या. "मला एका बाबांबद्दल सांगायचंय. नाव घेत नाही. ते आपल्यातच आहेत. आपल्या मुलांची पुस्तकं ज्या कपाटांत राहणार, ती त्यांनी फुकट केली. आणि त्या पुस्तकांतली एक ओळही त्यांना वाचता येत नाही. औषधाच्या पाकिटावर मी त्यांना सूर्य आणि चंद्र काढून देते. तरी लेकीला मांडीवर घेऊन ते रोज गोष्ट वाचतात, मनाची. सांगा, आपल्या मुलांवर ही वेळ यावी असं वाटतं तुम्हाला?"

लोक इकडेतिकडे बघायला लागले. मग एकेक मान दाराकडे वळली. कपाटं कुणी केली हे शाळेत कोणाला ठाऊक नव्हतं? सुतार गुडघ्यावर होता, तसाच राहिला. पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते असं असेल असं त्याला वाटलं. शेजारच्या एका गृहस्थानं त्याच्या खांद्यावर थोपटलं. ती थाप त्याला मुस्काटात बसल्यासारखी लागली. एक बाई डोळे पुसत पेटीकडे गेली. मग रांग लागली. टाळ्याही झाल्या.

खेळण्यांच्या टेबलाशी टिकली उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

घरी आल्यावर तिनं पाणघोड्याचं पुस्तक त्याच्यासमोर ठेवलं. "वाच."

"टिकले, आधी हातपाय धू," आई म्हणाली.

"वाच ना, बाबा."

"नाही येत मला," सुतार म्हणाला.

"मग तो नदीवर परत जातो हे कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. मला वाटलं, घरी गेला तर बरं."

"मी बाईंशी भांडले तुझ्यासाठी. कोपऱ्यात उभी राहिले. आणि तू म्हणालास दुसरं पुस्तक असेल." तिचा आवाज चिरकला. "तुला तेव्हाच माहीत होतं."

तिनं पुस्तक उचललं आणि आईच्या बाजूला जाऊन बसली. ताईंनी केसानं गळा कापला, एवढंच घरी येईपर्यंत त्याच्या मनात चाललं होतं. आता तेही धड म्हणता येईना. एका दुपारी बापलेकीचा, दोघांचाही विश्वास मोडला होता, आणि लेकीचा त्यानं स्वतः मोडला होता.

सोमवारी ताई त्याच्या कारखान्यात आल्या. भुशावरून जपून पावलं टाकत म्हणाल्या, "दादा, तुम्ही न सांगताच निघून गेलात. किती पैसे जमले माहितीये? दोन वर्षांची पुस्तकं येतील."

त्यानं रंधा थांबवला नाही.

"रागावलात का? मी नाव कुठे घेतलं?"

"शाळेत सुतार किती आहेत, ताई?"

"पण कुणी हसलं का तुम्हाला? उलट लोकांचे डोळे भरून आले."

"माझं दुखणं विकून आले ते पैसे. आधी विचारलं असतंत तर?"

"तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणून विचारलं नाही ना?"

त्यांनी हातावरचा भुसा झटकला. मग म्हणाल्या, "मुलांसाठी केलं हो मी."

"माझं पण मूल आहे तिथे," तो म्हणाला. "औषधवाल्यानं गिऱ्हाइकाचं दुखणं चव्हाट्यावर मांडायचं नसतं, एवढं तर मला न वाचता कळतं."

ताईंनी माफी मागितली, पण मागताना पुन्हा पुस्तकांचा आकडा सांगितला. जाताना दार लावून घ्यायचं विसरल्या. तो उठला, दार लावलं आणि पुन्हा रंधा हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी तो टिकलीच्या वर्गशिक्षिकेला भेटला. "बाई, त्या पाणघोड्याच्या गोष्टीत पोरीची चूक नव्हती," तो म्हणाला. "तिनं ऐकलं तसं सांगितलं. खोटं मी वाचलं होतं." बाईंनी ऐकून घेतलं. त्या दिवशी वर्गासमोर त्या टिकलीला म्हणाल्या की तुला कोपऱ्यात उभं करायला नको होतं. टिकलीनं घरी येऊन हे आईला सांगितलं, बाबाला नाही. पण तो ऐकू येईल एवढ्या अंतरावर होता आणि तिनं आवाज बारीक केला नाही.

उरलेली दोन कपाटं त्यानं पुरी केली. मुलांचं काय चुकलं होतं? उद्घाटनाला फीत त्याच्या हातून कापायची असं समितीनं ठरवलं. त्यानं बायकोकडून चिठ्ठी लिहवून घेतली की मला जमणार नाही, आणि खाली माझं नाव घालू नकोस, न घालताही कळतं त्यांना, म्हणाला. ताईंच्या दुकानासमोरून जाताना तो आता पलीकडच्या बाजूनं जायचा. त्या आतून हात करायच्या. तो बघायचा नाही.

महिना संपला, गोळ्या संपल्या. दोन गल्ल्या सोडून एक औषधांचं दुकान होतं. तिथला म्हातारा दुकानदार पाकिटं पुढे सारून घाईत म्हणाला, "लिहिलंय त्यावर." मागे पाच-सहा माणसं उभी होती. सुतार सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "मला वाचता येत नाही. सावकाश सांगा, माझ्या लक्षात राहतं."

म्हाताऱ्यानं चष्मा वर केला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.