आप्पांनी वाचलेल्या खुणा

स्वप्नाली वडिलांना, दोधूआप्पांना घेऊन लोणखेड्याला विकाऊ जुनी मोटार बघायला गेली, तो त्यांचा शेवटचा दिवस आहे हे कुणाला ठाऊक? बैल घेताना चालवून बघतात, तशी आप्पांनी गाडी मऊ मातीतून चालवायला लावली आणि उकिडवे बसून चाकांच्या खुणा बोटांनी चाचपल्या. बघणारे हसले.

"आप्पा, हाई काय बैल शे का?" ती शरमून म्हणाली.

"डावा पायवर लंगडी ऱ्हायनी, पोरी. पन जनावर गुनी शे. घी टाक." त्यांच्या शब्दावर तिने गाडी घेऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पा झोपेतच गेले.

तेरावं झाल्यावर ती गाडी तपासून घ्यायला एकटीच शहाद्याच्या गॅरेजवर गेली. मिस्त्रीने तपासणीचा कागद पुढे केला. "किरकोळ शे, ताई. पुढला डावा टायर आतून घासायेल शे. वरथून दिसत नही, यंत्रवर चढाई तवय समजनं."

स्वप्नाली कागदाकडे बघतच राहिली. जन्मभर तिने पुस्तकं वाचली होती. आप्पांनी नुसती माती वाचली होती, आणि त्यात एका अक्षराचीही चूक नव्हती.

मिस्त्री समोर उभा असतानाच ती मोठ्याने म्हणाली, "आप्पा, त्या रोजे माले तुम्हनी लाज वाटनी व्हती. मन्हं चुकनं."