लोकल आयडी

आधार कार्ड सत्यभामानं एकदा पुढून पाहिलं, एकदा मागून पाहिलं आणि काउंटरवरून परत पूर्णिमाकडे सरकवलं.

"ये नहीं चलेगा, दीदी."

"काहून?" पूर्णिमा सवयीनं मराठीत बोलून गेली, मग सावरली. "फोटो के कारण? फोटो तो सबका ऐसाच आता है."

"फोटो नहीं, पता. बूढ़ापारा, रायपुर. लोकल आईडी पे हम बेड नहीं देते."

"अहो, पण मैं तो गोंदिया से आ रही हूँ. ये देखो, टिकट."

सत्यभामानं तिकीट पाहिलंसुद्धा नाही. पस्तिशीची बाई, स्वेटरवरून ओढणी घेतलेली, समोर रजिस्टर आणि शेंगदाण्यांची पुडी. स्टेशनसमोरच्या गल्लीतलं ही बायकांची डॉर्मेटरी तीच सांभाळत होती. खाली काउंटर, एक सोफा आणि सरकत्या पट्ट्यांचं चॅनेल गेट. वर दोन खोल्यांत मिळून बारा दुमजली लोखंडी खाटा. फोनवरच्या फोटोत चादरी निळ्या दिसल्या होत्या. पूर्णिमानं त्या निळ्या रंगावर विश्वास ठेवला होता.

"जिसका घर यहीं है, वो यहाँ क्यों सोएगी?" सत्यभामा म्हणाली. आवाजात उर्मटपणा नव्हता. खरंच कळत नसावं, तसं विचारलं. "पिछले साल बाजू वाले लॉज में एक लोकल आई थी. घर में झगड़ के. सुबह दरवाजा तोड़ना पड़ा. तब से इस गली में कोई नहीं लेता."

सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या मुलीनं मांडीवरच्या गाइडमधून मान वर केली. बिलासपूरहून परीक्षेला आली होती. आत आल्या आल्या तिनं स्वतःच सांगितलं होतं, नाव स्वरदा, घरी सगळे मराठीच बोलतात. सांगितलं मात्र हिंदीत.

"आंटी, भाग के आई हो क्या?"

"पळून जायचं ते आधीच जाऊन झालं ग बाई," पूर्णिमा म्हणाली. "आता नुसतं पेन्शनच्या कामाला आली."

स्वरदा हसली. पूर्णिमाही हसली. विनोद म्हणून ठीक होतं.

काम खरंच पेन्शनचं होतं. सव्वीस वर्षं रायपूरहून रोज गाडीनं जाऊन तिल्द्याच्या सरकारी शाळेत शिकवलं, स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि कागदावर एक सही राहिली. नव्या रायपूरच्या कार्यालयात उद्या दहा वाजता सर्व्हिस बुक घेऊन हजर व्हायचं होतं. पहाटेची गाडी पकडायची तर ती कोळशाच्या मालगाड्यांमागे कुठे तासन्‌तास उभी राहील, याचा भरवसा नव्हता. म्हणून आदल्या संध्याकाळी येऊन राहायचं ठरलं. स्टेशनबाहेर पाय ठेवला तेव्हा ई-रिक्षावाला "बूढ़ापारा, बूढ़ापारा" ओरडत होता. तिनं हात केला नाही. रस्ता ओलांडून ती या गल्लीत शिरली.

फोन वाजला. हिरालालचा.

"भेटली का खाट?"

"नाही अजून. पत्ता इथलाच आहे म्हणून देत नाहीत."

"दे त्या बाईले फोन. तीस वर्षं तिकिटाच्या खिडकीत बसलो मी. मले नियम नको शिकवू म्हणा."

सत्यभामानं फोन घेतला, हव-हव करत शांतपणे ऐकून घेतलं आणि परत दिला. "आपके मिस्टर गोंदिया में हैं, दीदी. कार्ड पे जो पता है, वहाँ से कोई बोल दे कि हाँ, हमारे घर की हैं, सब ठीक है. बस. फिर बेड ले लो."

"दुसरीकडे पाहू का?" पूर्णिमानं फोनमध्ये विचारलं.

"सगळीकडे तेच म्हणतील." हिरालाल म्हणाला. "मी तुले म्हटलं होतं, पत्ता बदलून घे. सेंटर घरामागंच आहे."

"हो."

सेंटर घरामागेच होतं. दोनदा ती रांगेत उभीही राहिली होती. एकदा सर्व्हर बंद पडला. एकदा चालू होता, तरी ती भाजी घेऊन परत आली.

हिरालाल तिल्द्याच्या स्टेशनवर बुकिंग क्लार्क होता. दर महिन्याला पास काढायला खिडकीशी जायचं, तो पासबरोबर सुटे पैसे आणि एखादं वाक्य द्यायचा. असं एकेक वाक्य करत अठरा वर्षं गेली. मग त्याची बायको गेली, तो निवृत्त झाला, आणि पूर्णिमाच्या वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी दोघांनी कोर्टात सह्या केल्या. त्याच्या आदल्या आठवड्यात तिनं घरी हिरालालचं पूर्ण नाव सांगितलं होतं. मोठा भाऊ, अच्युत, जेवत होता.

"रामटेके?" तो म्हणाला होता. "म्हणजे..."

पुढचं वाक्य त्यानं पूर्ण केलं नाही. पूर्ण करायची गरज त्या घरात कुणालाच वाटली नाही. वहिनी, मीरा, ताटात पोळी वाढता वाढता थांबली. मग अच्युतनं ताटातच हात धुतले. "जायचं तर जा. पण मग येणं-जाणं नको." एवढंच. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर ती भांडली असती.

त्याला सव्वा दोन वर्षं झाली होती. फोन नाही, दिवाळी नाही, राखी तर नाहीच.

"बोलिए नंबर," सत्यभामानं स्वतःचा मोबाइल उचलला. "हमारे फोन से ही लगाना पड़ता है."

नंबर पूर्णिमाच्या फोनमध्ये नव्हता. तिनं तो काढून टाकला होता, म्हणजे रडू आलं की हात तिकडे जायला नको. आता तिनं दहाच्या दहा आकडे न अडखळता सांगितले.

सत्यभामानं फोन स्पीकरवर टाकून रजिस्टरशेजारी ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. रिंग वाजत राहिली. पूर्णिमानं कार्ड उचलून पुसलं, परत ठेवलं.

"हाँ, कौन?" मीरा. मागे बातम्या चालू होत्या.

"नमस्ते जी, स्टेशन के पास से लेडीज डॉर्मेटरी से बोल रहे हैं. पूर्णिमा वाडेगावकर आपके यहाँ की हैं क्या? बेड के लिए आई हैं. लोकल आईडी है, तो पूछना पड़ता है."

बातम्या बंद झाल्या. फोनवर कुणीतरी तळहात ठेवला. आतलं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं येऊ लागलं. "अहो..." एवढं कळलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. स्वरदानं गाइडचं पान उलटायचं थांबवलं होतं.

"बोलिए." अच्युत.

त्याचा आवाज म्हातारा झाला होता. दोन वर्षांत एवढा कसा, म्हणून पूर्णिमा फोनकडे पाहत राहिली, जणू तिथे तो दिसणार होता.

"पूर्णिमा वाडेगावकर आपके घर की हैं?"

सत्यभामानं पेन उगाच कागदावर टेकवून धरलं.

"हैं," अच्युत म्हणाला. "बहन है मेरी. हमारे ही घर की है."

पूर्णिमानं काउंटरची कड धरली. पिशवी खांद्यावर होती ती तिनं नीट वर ओढली, निघायचं असल्यासारखी.

"कोई झगड़ा-वगड़ा तो नहीं? माफ करना, पूछना पड़ता है."

"नहीं. झगड़ा कुछ नहीं." मग घसा खाकरल्याचा आवाज. "दे दीजिए बेड."

सत्यभामानं मान डोलावली आणि लिहायला घेतलं. फोन बंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. पलीकडे तो अजून होता.

"तिला खालची द्या," अच्युत एकदम मराठीत म्हणाला. "वरची नको. झोपेत पडते ती."

आणि मग बंद झाला.

"क्या बोले?" सत्यभामानं विचारलं.

लहानपणी पूर्णिमाच्या खाटेलगत जमिनीवर अच्युतची गादी घालत. ती पडायची ती त्याच्या अंगावर, आणि तो झोपेतच ओरडायचा, आई, आली बघ ही. हे सगळं हिंदीत कसं सांगणार?

"नीचे का बेड देने को बोले."

"नीचे का तो सब भर गया. क्यों, घुटने का प्रॉब्लम है?"

"हो. घुटने का."

स्वरदा उठली. मराठीतलं तिला सगळं कळलं होतं. "मेरा नीचे वाला ले लो, आंटी. मैं ऊपर चली जाती हूँ. मैं नहीं गिरती."

*

चादर निळी होती. फोटोपेक्षा फिकट, पण निळी. पूर्णिमानं पिशवी उशाशी ठेवली, उघडली नाही. स्वरदा तिची पुस्तकं वर चढवत होती, तेवढ्यात खालून हाक आली.

"दीदी! आपके भैया का फिर फोन आया था."

पूर्णिमा दोन-दोन पायऱ्या उतरली. त्रेपन्नाव्या वर्षी ते शोभलं नाही आणि गुडघा खरोखरच दुखला.

"काय... क्या बोले?"

"पूछ रहे थे, गेट कितने बजे बंद होता है. मैं बोली, आठ बजे. बोले, अच्छा."

"अजून काही?"

"बस. अच्छा बोले और रख दिए."

पावणेसात वाजले होते. पूर्णिमा वर गेली आणि पिशवी उघडली. उद्यासाठी आणलेली साडी आजच नेसली. मंगळसूत्र आधी पदराखाली घेतलं. मग आरशात पाहून बाहेर काढलं. मग पुन्हा आत. शेवटी बाहेरच राहू दिलं. पिशवी आवरून, चेन लावून, ती खाली येऊन सोफ्यावर बसली.

बूढापारा ते स्टेशन, स्कूटरनं पंधरा मिनिटं. जयस्तंभ चौकात या वेळी गर्दी, म्हणजे वीस-पंचवीस. त्याची स्कूटर थंडीत पहिल्या किकला सुरू होत नाही. त्याआधी मफलर शोधण्यात दहा मिनिटं, कारण मफलर खुंटीवर असतो आणि तो कपाटात शोधतो. मीरा म्हणेल, आता कुठे निघालात. तो म्हणेल... काय म्हणेल, ते तिला जमवता येईना. तिनं तेवढी जागा रिकामी सोडली.

सव्वासातला एक दिवा गल्लीत वळला. पार्सलवाला होता.

"आंटी, खाना लग गया," वरून स्वरदा ओरडली.

"येते."

साडेसातला स्वरदा स्वतःच ताट घेऊन खाली आली. फुलकोबीची भाजी आणि भात. पूर्णिमानं ताट मांडीवर घेतलं आणि नजर गेटवर ठेवून दोन घास खाल्ले.

"आ रहे हैं क्या, अंकल?"

"गेटची वेळ विचारली ना त्यानं," पूर्णिमा म्हणाली. "उगाच कोण विचारतं?"

स्वरदाही सोफ्यावर बसली, गाइड उघडं ठेवून.

आठला पाच कमी असताना सत्यभामा कुलूप घेऊन उठली, गेटपाशी गेली आणि तशीच परत आली. कुलूप काउंटरवर ठेवून शेंगदाणे सोलू लागली. "आज सवा आठ करते हैं," ती कुणाकडेही न पाहता म्हणाली. "मालिक कौन सा देख रहा है."

गल्लीतली दुकानं एकेक शटर ओढू लागली. मुंबईकडे जाणाऱ्या कुठल्याशा गाडीची घोषणा स्टेशनवरून इथपर्यंत ऐकू आली. पूर्णिमानं चपला पायात सारल्या होत्या, त्या तशाच होत्या.

आठ वाजून दहा मिनिटांनी सत्यभामाचा फोन वाजला. तिनं स्क्रीन पाहिली आणि पूर्णिमाकडे पाहून हसली, बघा, म्हटल्यासारखी. पूर्णिमा उभी राहिली. पिशवी तिच्या हातात होती.

"हाँ, भैया," सत्यभामा म्हणाली. "हव... नहीं, अभी नहीं लगाया. वो मैं सोची..." ती थांबली. ऐकत राहिली. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याचं आता काही काम उरलं नव्हतं. "हव, अंदर ही हैं. सामने खड़ी हैं... खाना? हव, खाया... नहीं, कोई आदमी नहीं आता ऊपर. कोई डर नहीं... हव. अभी लगा देती हूँ."

तिनं फोन पुढे केला. "बात कर लो, दीदी."

पूर्णिमानं तो कानाला लावला. पलीकडून कधीचा ठेवला होता.

"बोले, आठ बज गए, गेट लगा लो," सत्यभामा हळू म्हणाली. "जमाना ठीक नहीं है, बोले. लग जाए तब वो सोएँगे."

स्वरदानं गाइडमध्ये बोट घालून ते मिटलं. सत्यभामानं कुलूप उचललं आणि खुर्ची मागे सारली.

"राहू द्या," पूर्णिमा म्हणाली. "मी लावते."

तिनं पिशवी सोफ्यावर ठेवली आणि गेटशी गेली. पट्ट्या अर्ध्यावर येऊन अडकल्या. तिनं दोन्ही हातांनी जोर केला. हललं नाही.

"नीचे से थोड़ा उठाना पड़ता है, दीदी."

पूर्णिमा वाकली, गेट खालून जरा उचललं आणि शेवटपर्यंत ओढत नेलं.