अंगणातली होडी आणि तीन जहाजांचे भाव

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. भिवंडीजवळ राहनाळला केसरीनाथच्या बंगल्यापुढे, फरशीच्या अंगणात, सिमेंटच्या ठोकळ्यांवर मला बसवले आहे. येणारेजाणारे मला शोभेची वस्तू समजतात. समजू देत. शोभेच्या वस्तूने भरतीच्या पाण्यातून माणसे पलीकडे नेलेली नसतात, मी नेली आहेत. माझे शिक्षण म्हणाल तर पुढच्या टोकावर पांढऱ्या रंगाने चार अक्षरे लिहिली होती, तेवढेच. तीही आता पुसली गेली. पण ऐकायला मला अजून चांगले येते, आणि या घरात बोलणारे पुष्कळ आहेत.

मला काळूरामने बांधून घेतले. सुताराने सागाच्या फळीला फळी बसवली, फटींमध्ये कापसाचा दोरा ठासला, वरून राळ आणि तेल चोपडले. पाण्यात सोडताना काळूरामने नारळ फोडला आणि त्याची नवी नवरी पुतळाबाई हिने मला हळदकुंकू लावले. लावताना म्हणाली, "माझ्या आधी हिची पूजा! मंग मना कशाला आनलं?" तेव्हाच मी ओळखले, हिचे आणि माझे जमणार.

पुढची कितीतरी वर्षे मी राबले. काळूराम भरती बघून निघायचा. जिताडे, बोय, कोळंबी, चिंबोऱ्या, जे खाडी देईल ते मी पोटात घेऊन यायची. किनाऱ्यावर पुतळाबाई पाटी घेऊन उभी असायची. ती माल घेऊन भिवंडीच्या बाजारात जायची आणि तिच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नसायची. गिऱ्हाईक भाव पाडायला लागले की म्हणायची, "मासा घेतेस का त्याची पत्रिका बगतेस?" लोक माझी स्तुती करायचे की काळूरामची होडी हाताला हलकी आहे. मला ते खरेच वाटायचे, कारण ते खरेच होते.

एक गोष्ट मात्र तेव्हापासूनची आहे. जिथे आमची खाडी समुद्राला मिळते तिथपर्यंत बाईमाणसाने होडीत जायचे नाही, अशी त्या काळी आमच्याकडे पद्धत होती. पुतळाबाई किनाऱ्यापर्यंत यायची, माल उचलायची आणि वळायची. जन्म खाडीवर गेला, पण खाडी कुठे जाते ते तिने पाहिले नाही. मागण्याचा तिचा स्वभाव नव्हता, आणि न मागता कुणी दाखवले नाही.

मग दिवस पालटले. रस्ते रुंद झाले, पूल झाले. रंगाच्या कारखान्यांचे पाणी खाडीत उतरले आणि मासे निघून गेले. काळूरामही गेला. भाताच्या शेतांवर गोडाऊने उभी राहिली आणि मुलगा केसरीनाथ स्क्वेअर फुटावर भाडे घेऊ लागला. मला किनाऱ्यावर उलटी टाकली होती. कुत्री माझ्या सावलीला झोपायची. पुढे बंगला झाला तेव्हा क्रेनने उचलून मला अंगणात आणले, पोटात माती भरली आणि सदाफुली लावली. नातीच्या बारशाला मला लाइटच्या माळा गुंडाळल्या. चिंबोऱ्या परवडल्या, पण माळांचे ते लुकलुकणे नको वाटते. तक्रार कुणाकडे करणार? दुपारी पुतळाबाई माझ्या फळीला पाठ टेकून सुकट निवडत बसते, तेवढाच काय तो शेजार.

आता मुख्य गोष्ट ऐका. यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी भावकीतला लडकू बायकापोरांना घेऊन मोठ्या जहाजावर फिरून आला. त्याला क्रूझ म्हणतात. त्याच्या बायकोचा टोपी घातलेला फोटो सगळ्यांच्या फोनवर आला आणि केसरीनाथला जेवण जाईना. रविवारी त्याने अंगणात खुर्च्या टाकल्या. त्याची बायको नेत्रा, कॉलेजात जाणारा मितेश आणि धाकटी मृणाली असे सगळे बसले. मितेशने लॅपटॉप माझ्या काठावर ठेवला. पुतळाबाई खाली सूप घेऊन बसली होतीच.

"तीन कंपन्या काढल्यात, पप्पा," मितेश म्हणाला. "एक मुंबईहून सुटते, गोव्याला जाऊन परत. दुसरी सिंगापूरहून, तिसरी दुबईहून. सिंगापूरवाली एका खोलीत तिसरा-चौथा माणूस फुकट घेते. मुंबईवाली त्यांना अर्धं भाडं लावते. दुबईवालीचा दर कमी दिसतो, पण टिप, बंदराचा कर, सगळं वरून."

"खोली किती स्क्वेअर फूट?" केसरीनाथने विचारले.

"पप्पा, क्रूझला कोणी स्क्वेअर फूट विचारत नाही."

"तू न्हाय विचारत. मी विचारतो. काढ."

मितेशने काढले. केसरीनाथने आयुष्यभर एकच माप वापरले आहे आणि त्या मापाने त्याला बंगला दिला आहे, त्यामुळे त्याचा त्यावर फार विश्वास. त्याने भाड्याला खोलीच्या फुटांनी भागले. टिप म्हणजे हमाली, बंदराचा कर म्हणजे मेंटेनन्स, आगाऊ रक्कम म्हणजे डिपॉझिट. दुबईवाली मेंटेनन्समध्ये मार खाऊन गेली. मुंबईच्या जहाजाची खोली लहान, म्हणून फुटाला महाग निघाली. सिंगापूरची खोली मोठी आणि दोन माणसे फुकट, म्हणून ती सगळ्यात स्वस्त.

"झालं. सिंगापूर," केसरीनाथ म्हणाला.

"आणि विमानाचं?" नेत्राने विचारले.

"ते ट्रान्सपोर्ट. ट्रान्सपोर्ट भाड्यात धरत न्हाय, ते पार्टीचं पार्टी बगते."

"अहो, इथं पार्टी आपणच आहोत. सिंगापूरला काय पोहत जायचं?"

मितेशला सिंगापूरच हवे होते. तो पटकन म्हणाला, "मम्मी, विमान नंतर बघू." मोठ्या हिशेबातली अडचणीची गोष्ट अशीच नंतर बघायला ठेवतात.

एवढा वेळ मृणाली पडद्याकडे टक लावून बसली होती. ती म्हणाली, "चारच का लिहिलेत? आजी कुठाय?"

कुणी मुद्दाम केले नव्हते. खोली चौघांची होती, म्हणून घर चौघांचे धरले गेले. पण सुपातली पुतळाबाईची बोटे थांबली. खरे सांगायचे तर ती मघापासून तीच मूठभर सुकट निवडत होती. प्रत्येक भाव तिने ऐकला होता.

"आये कुठं येते आता?" केसरीनाथ म्हणाला. मग आईकडे वळून, "येशील काय गो, आये?"

"मना काय करायचंय? मी काय पानी बगितलं न्हाय?" पुतळाबाईने सूप पाखडले.

"बघ, न्हाय बोलली," केसरीनाथने सुटका झाल्यासारखे म्हटले.

"आजीकडे पासपोर्ट पण नाही," मितेशने भर घातली.

मृणालीने ऐकले नाही. "तू पाच लाव. नुसतं लावून बघ."

मितेशने पाच लावले. एका खोलीत पाच माणसे कुठलीच कंपनी घेत नव्हती. एका कंपनीकडे मोठी कौटुंबिक खोली होती, तिचा आकडा पाहून केसरीनाथने चहा खाली ठेवला. म्हणजे दुसरी खोली घेणे आले. दुसरी खोली दोघांची, आणि एकटा माणूस राहिला तरी भाडे दोघांचे.

"थांब रं," पुतळाबाई खालून म्हणाली. "त्या खोलीत खाटा किती?"

"दोन."

"मी किती?"

"एक, आजी."

"मंग दुसऱ्या खाटेवर कोन झोपतंय?"

"कोणीच नाही. पण पैसे लागतात. तिन्ही कंपन्यांचा तोच नियम आहे."

"म्हंजे तुझ्या आज्याचं भाडं," पुतळाबाई म्हणाली. "मानूस गेला की रेशन कार्डावरचं नाव कापतान. आनि ही कंपनी बगा, त्याची खाट धरून बसली हाय."

नेत्राने पदर सारखा केला. केसरीनाथ समजुतीने म्हणाला, "आये, असं कर. आम्ही जाऊन येताव. तुला आपन एकवीरेला नेऊ. एसी गाडी करू."

"एकवीरा माझी हाय. तिला भेटायला मना तुझी एसी लागत न्हाय." पुतळाबाईने सूप बाजूला ठेवले आणि माझ्या काठाला धरून उभी राहिली. तिचा हात मला कळतो. त्या दिवशी तो काठावरून सुटेना. "मना जायचंय," ती म्हणाली. "एसी नको, गोवा नको, शिंगापूर नको. खाडी जिथं संपते त्याच्या पुढं काय हाय ते मना बगायचंय. तुमच्या खोलीत नसंल जागा तर मी खाली सामानात बसन."

मित्रांनो, एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून मी पहिल्यांदा मागणे ऐकले. मला ते आवडले नाही. मागितले म्हणून नव्हे, मागावे लागले म्हणून.

केसरीनाथ वाईट मुलगा नाही. तो खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "पैशाचं न्हाय गो. पन रिकाम्या खाटेचं भाडं द्यायचं म्हंजे..."

"रिकामी कशाला ठेवतोस? सीतेला बोलाव."

सीताबाई ही काळूरामची बहीण, जवळच्या शेलार गावात दिलेली. शेतावर पहिले गोडाऊन बांधायचे ठरले तेव्हा पद्धतीप्रमाणे तिने हक्कसोडाच्या कागदावर सही दिली आणि माहेरची साडी नेसून गेली. पुढे गोडाऊनच्या पूजेचे बोलावणे तिला गेले नाही. कोण विसरले, याबद्दल दोन्ही घरांत वेगवेगळी मते आहेत. तेव्हापासून तिने या अंगणात पाय ठेवला नव्हता. त्यामुळे तिचे नाव निघताच केसरीनाथ खुर्चीत सरळ झाला.

"आत्याला? ती येईल?"

"तिच्या भावाची खाट हाय. तिच्याशिवाय त्याच्यावर कोनाचा हक्क लागतो? मृनाली, लाव फोन."

मृणालीने फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सीते, मी बोलते. जहाजात येशील काय?"

पलीकडे आधी टीव्हीचा आवाज बंद झाला. मग आवाज आला, "वयनी, पूजेला जागा न्हवती माझ्यासाठी, आनि जहाजात झाली?"

"झाली. फुकट हाय म्हनून झाली. तुला खोटं सांगू?"

"म्हंजे मी फुकटातली?"

"तू न्हाय, खाट फुकटातली. एकटीनं गेले तरी दोघांचे पैसे घेतान. तुझ्या भावाची जागा हाय ती. तू न्हाय आलीस तर वाया जाईल, आनि आली तर तुझ्या घोरन्यानं माझी झोप जाईल. सांग लवकर, बिल चढतंय."

"फोनला आता बिल न्हाय चढत, वयनी."

"माझ्या टायमाला चढायचं."

पलीकडून हसू आले की हुंदका, ते मला फोनवरून ओळखता येत नाही. सीताबाई म्हणाली, "मासे ताजे देतान का तिथं?"

"बर्फातले असतील. आपन नावं ठेवू."

केसरीनाथ उठला आणि फोनजवळ तोंड नेऊन म्हणाला, "आत्या, मी न्यायला येतो. घरी येऊन बोलावतो." एवढेच म्हणाला. पण उभा राहून म्हणाला.

मग लॅपटॉप नेत्राने स्वतःकडे ओढला. "आता माणसं सहा. आणि ट्रान्सपोर्ट मी धरणार आहे." सहा जणांचे विमान, व्हिसा, दोघी म्हाताऱ्यांचे पासपोर्ट, हे सगळे मांडल्यावर फुटाला स्वस्त असलेले सिंगापूर माणसाला सगळ्यात महाग निघाले. दुबईचेही तेच. मुंबईच्या जहाजाला आधार कार्ड पुरत होते आणि बंदरापर्यंत घरची गाडी जात होती. दोन लहान खोल्यांचे भाडे, कर आणि टिप धरूनही ते खाली राहिले. एक माणूस मोजल्याने जहाज बदलले.

"गोवा?" मितेशचे तोंड उतरले. "गोव्याला तर मी बाइकने जातो."

"मंग बाइकवर ये मागून," पुतळाबाई म्हणाली. "आमी वरून टाटा करू."

ज्या सकाळी ते निघाले, त्या सकाळी सीताबाई पांढऱ्या केसांत अबोलीचा गजरा माळून अंगणात आली. दोघींचे गाडीतच भांडण सुरू झाले की खिडकीकडची खाट कुणाची. गाडी वळून गेली तरी आवाज ऐकू येत होता.

मी तिथे नव्हते, त्यामुळे समुद्रात काय झाले ते मी सांगणार नाही. परत आल्यावर पुतळाबाई माझ्याजवळ बसली, पण काही बोलली नाही. दुपारभर नुसती समोर बघत होती. तिने जे पाहिले ते तिचे आहे. नेत्रा मात्र शेजारणीला सांगताना मी ऐकले की पहिल्या पहाटे दोघी कठड्याला धरून उभ्या होत्या आणि नाश्त्याला बोलावले तरी हलल्या नाहीत.

मित्रांनो, माझ्या फळ्या आता सुकत चालल्या आहेत. कुणी वर्षाकाठी तेलाचा हात फिरवला तर आणखी काही वर्षे टिकेन, नाही फिरवला तर जळणाला कामी येईन. माझे काही अडलेले नाही. पण तुमच्या घरातल्या जुन्या माणसांबद्दल माझे एक ऐका. "तू येतेस का?" असे त्यांना विचारू नका. ती नाहीच म्हणतात, कारण तुमचा हिशेब त्यांनी आधीच ऐकलेला असतो. त्यांची जागा आधी धरा आणि मग भाव काढा. एवढे करूनही ती आली नाहीत, तर त्या रिकाम्या जागेचे पैसे भरा आणि गप्प बसा. ते पैसे वाया जात नाहीत.